आठ महिन्यांची कमाई, बारा महिन्यांचे पोट

तालुक्याच्या गावी एक बँड पार्टी आहे असे समजा. तीत क्लॅरोनेट वाजवणारा एक माणूस आहे. गावात त्याला सगळे मास्तर म्हणतात. आपणही मास्तरच म्हणू.

वैशाखात मास्तरांना जेवायला सवड नसते. सकाळी एका गावी हळद, दुपारी दुसऱ्या गावी लग्न, रात्री तिसरीकडे वरात. फुंकून फुंकून गाल दुखतात, ओठ सुजतात. पण खिसा भरलेला असतो. घरी येताना हातात मिठाईचा पुडा असतो. पाहुणा आला तर मटण शिजते. वाटेवरचा दुकानदार आपणहून हाक मारतो, "या मास्तर, बसा. चहा घ्या."

मग आषाढी एकादशी येते. देव झोपतात आणि लग्ने थांबतात. मास्तर पारावर बसलेले दिसतात. तोच दुकानदार आता मान वर करून पाहत नाही. उधारीची वही मात्र उघडून ठेवतो. क्लॅरोनेट पेटीत पडून असते. एखाद्या वर्षी पेटीही घरात नसते. ती सावकाराकडे गहाण असते. पुढे गणपतीची सुपारी येते. वाजवायला क्लॅरोनेट तर हवे. म्हणून ते सोडवायला मास्तर दुसऱ्याकडून पैसे काढतात!

मास्तर आळशी नाहीत. दारूच्या वाटेला जात नाहीत. कमाई काही अगदीच थोडी नाही. मग असे का होते?

तुमच्यापैकी कोणी गवंडी असेल. पाऊस लागला की त्याचे काम थांबते. कोणी ऊसतोडीला जात असेल. हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची, ती घरीच खर्चून जायची, आणि मग सारा हंगाम कोयता चालवून ती फेडायची. कोणी मंडपवाला असेल, कोणी रंगारी, कोणी घरी शिलाई करणारी बाई. या सगळ्यांचे दुखणे एकच आहे. काम आले तर रात्रंदिवस येते, नाही तर मुळीच येत नाही. पोटाला मात्र रोजच लागते.

अशा माणसाला शहाणे लोक सांगतात, "दर महिन्याला थोडे थोडे शिल्लक टाकत जा." सांगणारा बहुधा पगारदार असतो. त्याच्या महिन्याला महिन्याचा पगार असतो. म्हणून त्याच्यापुरते ते खरे आहे. पण मास्तरांनी मे महिन्यात किती टाकायचे? आणि जुलैत कशातून टाकायचे? जुलैत टाकता आले नाही की माणूस म्हणतो, "आपल्याच्याने हे व्हायचे नाही." आणि सोडून देतो. मला वाटते, असल्या माणसाला महिना हे माप लागूच पडत नाही. त्याने वर्ष हे माप घ्यावे.

आधी वर्ष मोजा

मास्तर रात्रीच्या वर्गात लिहायला शिकले. त्यांनी दहा रुपयांची एक वही आणली आणि सुपारी वाजवून आले की तारीख, गाव आणि आपल्या वाट्याचा आकडा लिहायला सुरुवात केली. वर्षाने बेरीज केली. ती अशी निघाली असे धरू.

एप्रिल – २६,००० रुपये
मे – ३४,०००
जून – १४,०००
जुलै – काही नाही
ऑगस्ट – ४,०००
सप्टेंबर – १४,००० (गणपतीचे)
ऑक्टोबर – ४,०००
नोव्हेंबर – १०,००० (तुळशीचे लग्न लागले, लग्ने सुरू झाली)
डिसेंबर – १८,०००
जानेवारी – ४,००० (पौष महिना, लग्ने नाहीत)
फेब्रुवारी – २०,०००
मार्च – १४,०००

एकूण १,६२,००० रुपये. तुम्ही स्वतः बेरीज करून पाहा. चुकली तर पुन्हा करा.

मास्तरांना मे महिना आठवतो. ते मनात म्हणतात, "आपण महिन्याला तीस-चौतीस हजार मिळवणारा माणूस." घरातला खर्चही तसाच सुटतो. त्यांच्या बायकोला जुलै आठवतो. ती म्हणते, "आपल्याकडं काहीच नसतं." दोघांचेही खरे आहे आणि दोघांचेही चूक आहे. १,६२,००० ला १२ ने भागा. महिन्याला १३,५०० पडतात. मास्तरांची खरी कमाई ही.

पण एवढ्यावरही विसंबू नये. सगळी वर्षे सारखी नसतात. वही नव्हती तेव्हाचा हिशेब मास्तरांनी पार्टीच्या मालकाच्या सुपारीच्या वहीवरून काढून घेतला. त्याच्या आदल्या वर्षी १,५०,००० मिळाले होते, आणि त्याच्याही आदल्या वर्षी १,३२,०००. या तिन्हींतले सर्वांत बारीक साल धरायचे. १,३२,००० ला १२ ने भागले की ११,००० येतात.

हे ११,००० रुपये मास्तरांचा पगार. दुसरा कोणी पगार देत नाही, तर तो आपला आपणच घ्यायचा.

कणगीतून काढावे तसे

आपल्या बाया हे पिढ्यान् पिढ्या करत आल्या आहेत. ज्वारी आली की कणगी भरतात. वैशाखाच्या उन्हात कुरडया, पापड, सांडगे घालतात. डाळीला ऊन देतात. हीच पावसाळ्याची बेगमी. कणगी भरलेली दिसते म्हणून कोणी शहाणी बाई रोज दुप्पट भाकरी थापत नाही. ती मापाने काढते. पैशाची गोष्ट निराळी कशाला असावी?

मास्तरांनी पोस्टात बचत खाते उघडले. पोस्टाची बचत बँक आपल्या देशात १८८२ सालापासून आहे. खाते उघडायला ५०० रुपये लागतात. ज्यांच्याजवळ तेवढेही नाहीत, त्यांना बँकेत जनधन खाते काढता येते. ही योजना २०१४ साली सुरू झाली. त्या खात्यात काही शिल्लक ठेवलीच पाहिजे अशी अट नाही. मास्तर या खात्याला 'कणगी' म्हणतात. सुपारी वाजवून आले की मिळेल ती रक्कम कणगीत. पंधरा दिवसांचे साठवून एकदम भरले तरी चालेल, पण मधल्या काळात पेटीतून काढायचे नाही. दर महिन्याच्या १ तारखेला ११,००० काढायचे आणि घरात द्यायचे. मेमध्ये ११,००० आणि जुलैतही ११,०००.

हल्ली सुपारीचे पैसे पुष्कळदा मोबाईलवर येतात. ते ज्या खात्यात येतात, त्याच खात्यातून चहा-बिडीचे पैसेही जातात. मग कणगीला उंदीर लागलाच समजा. म्हणून घरखर्चाचे खाते वेगळे ठेवावे आणि कणगीचे खाते मोबाईलला जोडूच नये.

याला सुरुवात कधी करावी? हातात पैसा येऊ लागतो तेव्हा. मास्तरांनी एप्रिलात सुरुवात केली. श्रावणात सुरुवात करणाऱ्याच्या कणगीत पहिल्याच दिवशी तळ दिसेल. त्याने तोपर्यंत नुसती वही लिहावी.

आणि बारीक सालाच्या कमाईत घरच चालत नसेल तर? तर मात्र बचतीच्या गोष्टी सांगून उपयोग नाही. तेथे आधी पावसाळ्यातला दुसरा धंदा शोधला पाहिजे किंवा खर्चातले काही तोडले पाहिजे. तसे न करता 'बचत करा' म्हणणे ही थट्टाच होईल.

एक्केचाळीस हजार कोणाचे?

समजा, पुढच्या वर्षीही एप्रिल, मे आणि जून असेच गेले. तीन महिन्यांत ७४,००० रुपये आले. पगाराचे ३३,००० काढले. जूनअखेर मास्तरांनी पासबुक भरून आणले. शिल्लक ४१,०००.

मास्तर ओसरीवर बसून म्हणाले, "अगं, ऐकलंस का? एक्केचाळीस हजार आहेत खात्यात. मोटारसायकलीचा पहिला भरणा होतोय. सुपारीला जायला-यायला बरं पडेल."

"घ्या की," बायको म्हणाली. "पण आधी सांगा, त्यातले आपले किती?"

"म्हणजे? सगळे आपलेच."

"आपलेच हो. पण त्यात श्रावणाचे किती, दसऱ्याचे किती, ते बघितलं का? वही आणा तुमची."

वही आली. जुलै ते जानेवारी सात महिने. सातांचा पगार ७७,०००. गेल्या वर्षी या सात महिन्यांत आले होते ५४,०००. म्हणजे २३,००० कमी पडणार.

"एक्केचाळीसातले तेवीस तर आधीच बोललेले आहेत," बायको म्हणाली. "उरले अठरा. अन् यंदा तिथी कमी निघाल्या तर?"

मास्तर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पंचांग आण बघू."

पंचांग पाहणे हा वाजवणाऱ्या माणसाच्या हिशेबाचाच भाग आहे. साधारण तीन वर्षांतून एकदा अधिक मास येतो. त्यात लग्ने लागत नाहीत. २०२३ साली श्रावण अधिक होता. श्रावणात लग्ने नसतातच, त्यामुळे फार बिघडले नाही. २०२६ साली ज्येष्ठ अधिक, म्हणजे १७ मे ते १५ जून. ऐन लगीनसराईतला महिना! गुरू-शुक्राचा अस्त असला तरी मुहूर्त निघत नाहीत. हे सगळे आधी छापलेले असते. वाचता येऊ लागलेल्या माणसाने ते आधीच वाचावे आणि त्या वर्षी पगार आणखी हजार-दोन हजारांनी उतरवावा.

पण सगळेच काही पंचांगात नसते. २०२० साली करोनाची साथ आली. २५ मार्चला, गुढीपाडव्याच्या दिवशीच, सगळा देश बंद झाला. ठरलेली लग्ने मोडली, घेतलेले विसार परत द्यावे लागले. पुढे परवानगी मिळाली ती ५० माणसांच्या लग्नाला. ५० माणसांत बँड कोण लावतो? २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात तीही मुभा कमी होऊन २५ माणसे आणि २ तास एवढीच राहिली. लागोपाठ दोन लगीनसराया गेल्या. किती वाजवणाऱ्यांनी तेव्हा भाजीच्या गाड्या लावल्या आणि किती जण शेतात रोजाने गेले, ते ज्याने त्याने आपल्या गावात पाहिले आहे.

म्हणून कणगीला एक तळ असावा. निदान तीन महिन्यांचा पगार, मास्तरांच्या हिशेबाने ३३,००० रुपये. आजारपण किंवा असले संकट आले तरच त्याला हात लावायचा. सणाला, लग्नाच्या आहेराला किंवा मोटारसायकलीला लावायचा नाही. मार्चअखेर मास्तरांच्या कणगीत ३०,००० उरतील. म्हणजे पहिल्या वर्षाचे जवळजवळ सारे तळातच जाईल. त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

सावकाराच्या आधी कोणाला देऊ नये

तळाच्याही आधी एक काम आहे. अंगावर सावकाराचे कर्ज असेल तर ते.

आषाढात मास्तरांनी सावकाराकडून २०,००० रुपये काढले असे समजा. व्याज दरमहा शेकडा ५. 'शेकडा पाच' ऐकायला लहान वाटते. पण महिन्याला १,००० रुपये झाले. फेब्रुवारीत फेडेपर्यंत सात महिने होतात. ७,००० रुपये नुसते व्याजाचे. दहा-बारा रात्री मास्तर फक्त सावकारासाठी वाजवत होते, असा त्याचा अर्थ. शेकडा ५ दरमहा म्हणजे वर्षाला शेकडा ६०. पोस्टाच्या बचत खात्यात वर्षाला शेकडा ४ मिळतात. आता सांगा, हातात पैसा असताना कर्ज ठेवून पोस्टात भरणारा माणूस हुशार म्हणावा काय? कर्ज फेडण्याइतका किफायतशीर धंदा त्याला दुसरा मिळणार नाही.

सावकारी करायला परवाना लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी २०१४ चा कायदा आहे. परवाना नसताना व्याजाने पैसे देणे हा गुन्हा आहे, आणि परवाना असलेल्यालाही सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त घेता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहकार खात्यात, सहायक निबंधकांकडे करता येते. कोऱ्या कागदावर सही मागितली तर देऊ नका. तुम्ही सही करायला शिकलात ती त्यासाठी नव्हे.

दूरच्या पैशाला दूरचे घर

कर्ज फिटले, तळ भरला. आता पुढच्या वर्षी जे उरेल त्याचे काय? हे पैसे पुष्कळ वर्षे लागणार नाहीत. त्यांना बचत खात्यात ठेवणे म्हणजे बी पोत्यातच ठेवणे.

पहिला खर्च मी हत्यारावर करा म्हणेन. क्लॅरोनेटच्या कळा ढिल्या झाल्या असतील, आवाज फाटत असेल, तर दुरुस्त करा. गवंड्याने चांगली लेव्हल घ्यावी. शिलाई करणाऱ्या बाईने मशीनला मोटार बसवावी. जे आपल्याला कमावून देते त्याला लावलेला पैसा वाया जात नाही. सोने पुष्कळांना आवडते. अडचणीला ते उपयोगी पडते हे खरे. पण दागिना मोडताना घडणावळ बुडते. म्हणून अंगावर घालायचे ते दागिने निराळे आणि बचत निराळी.

नंतर पोस्ट. पोस्टात 'आवर्ती ठेव' असते. दरमहा निदान १०० रुपये भरायचे, पाच वर्षे. अनियमित कमाईच्या माणसाला ही ठेव अडचणीची वाटते, कारण हप्ता चुकला तर दंड पडतो आणि चार हप्ते चुकले की खाते बंद पडते. मग ते पुन्हा चालू करायला दोनच महिने मिळतात. पण याच ठेवीत एक सोय आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. हप्ते आगाऊ भरता येतात. सहा महिन्यांचे एकदम भरले तर १०० रुपयांच्या हप्त्यामागे १० रुपयांची सूट मिळते. बारा महिन्यांचे एकदम भरले तर ४० रुपयांची. मास्तरांनी ५०० रुपयांचे खाते काढले तर वर्षाचे ६,००० होतात. मेमध्ये त्यांनी ते एकदम भरले तर २०० रुपये सूट मिळून ५,८०० च द्यावे लागतील, आणि पुढे बारा महिने हप्त्याची काळजी नाही.

त्याहून लांबची ठेव म्हणजे 'सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी'. नाव लांबलचक आहे. लोक त्याला 'पीपीएफ' म्हणतात. मुदत पंधरा वर्षांची. वर्षाला निदान ५०० रुपये भरायचे, जास्तीत जास्त दीड लाख. ते केव्हा भरायचे, किती वेळा भरायचे, हे तुमच्यावर आहे. लगीनसराईत भरा, पावसाळ्यात भरू नका, कोणी विचारणार नाही. महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरले तर त्या महिन्याचेही व्याज मिळते. आणि एक गोष्ट विशेष आहे. कर्जापोटी कोर्टाचा हुकूम झाला तरी या खात्यातले पैसे जप्त होत नाहीत. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर तिच्या नावाने 'सुकन्या समृद्धी' खाते काढता येते. त्यात वर्षाला निदान २५० रुपये भरायचे. या सगळ्यांचे व्याजाचे दर सरकार दर तीन महिन्यांनी ठरवते. म्हणून पैसे भरताना पोस्टात चालू दर विचारून घ्यावा.

म्हातारपणाचे काय? फुंकायला छातीत दम लागतो, आणि साठीनंतर तो राहील असे कोण सांगणार? २०१५ साली 'अटल पेन्शन योजना' सुरू झाली. वय १८ ते ४० च्या दरम्यान असताना तीत शिरावे लागते, आणि प्राप्तिकर भरणाऱ्याला शिरता येत नाही. साठ वर्षे झाल्यावर दरमहा १,००० ते ५,००० रुपये मिळतात, जशी भरणा केली असेल तसे. ५,००० च्या पेन्शनसाठी अठराव्या वर्षी शिरणाऱ्याला दरमहा २१० रुपये भरावे लागतात. चाळिसाव्या वर्षी शिरणाऱ्याला १,४५४. हे दोन आकडे तुमच्या थोरल्या मुलाला वाचून दाखवा. हप्ता महिन्याने, तीन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी देता येतो. आपल्यासारख्याने सहा महिन्यांचाच घ्यावा.

विमा ही बचत नव्हे, पण तो घ्यावा. 'प्रधानमंत्री सुरक्षा विमा' वर्षाला २० रुपयांचा आहे. अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना २ लाख मिळतात. 'जीवनज्योती विमा' ४३६ रुपयांचा. त्यात कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी २ लाख. हे पैसे मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप वळते होतात. त्या दिवशी खाते रिकामे असेल तर विमा तुटतो. रात्री-अपरात्री टेम्पोच्या टपावर बसून वरातीहून परतणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. (टपावर बसू नये हे तर खरेच.)

कोण काय म्हणतो

गावात बायकांचा बचत गट असेल तर त्यात घरच्या बाईने जरूर असावे. गटाची वही सगळ्यांसमोर लिहिली जाते, आणि सावकाराच्या व्याजापेक्षा पुष्कळ कमी व्याजात अडचण भागते. भिशीचे तसे नाही. ओळखीच्या दहा घरांची भिशी चालते, पण जो आपली पाळी आल्यावर पुढचे हप्ते देत नाही, त्याचे कोणी काही करू शकत नाही.

बँक आणि पतसंस्था यांतला फरक समजून घ्या. बँक बुडाली तर ठेवीदाराचे ५ लाख रुपयांपर्यंतचे पैसे विम्यातून मिळतात. ही हद्द २०२० च्या फेब्रुवारीपासून आहे. सहकारी बँकेलाही हा विमा असतो. पतसंस्थेला तो नसतो. पतसंस्था वाईटच असतात असे नाही. चांगल्याही पुष्कळ आहेत. पण अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून कणगीचा तळ तेथे नेऊन ठेवू नये.

मग एखादे दिवशी पाहुण्यातलाच कोणी चांगले कपडे घालून येतो. हातात रंगीत कागद असतो. "दोन वर्षांत दामदुप्पट," म्हणतो. त्याला काही बोलू नका. नुसते मनात आकडे मांडा. किसान विकास पत्रात पैसे दुप्पट व्हायला एप्रिल २०२३ च्या दराने ११५ महिने लागत होते. म्हणजे साडेनऊ वर्षांच्या वर. सरकारला जे साडेनऊ वर्षांत जमते, ते हा पाहुणा दोन वर्षांत कोठून आणणार? पहिल्यांदा तो व्याज देतोही. ते मागून आलेल्याच्या पैशातून देतो. परवानगी नसताना अशा ठेवी गोळा करण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. पण कायदा पाहुण्याला पकडील तेव्हा पकडील. पैसे तर गेलेलेच असतात. मोबाईलवर 'बँकेतून बोलतोय' म्हणून गुप्त आकडा विचारणाराही याच पाहुण्याचा भाऊ. बँक कधी आकडा विचारत नाही.

पासबुक स्वतः वाचा

पैसे भरून आलात की पासबुक भरून घ्या आणि तेथेच वाचा. त्यात रकाने असतात. एक जमेचा, एक काढलेल्या रकमेचा, आणि शेवटचा शिल्लकेचा. पुष्कळ पासबुकांत अक्षरे इंग्रजी असतात. घाबरू नका. आकडे तर ओळखता येतात. कालची शिल्लक, त्यात आजची जमा, बेरीज जुळली पाहिजे. जुळली नाही तर खिडकीवर विचारा. रांगेतले लोक कुरकुर करतील. करू द्या. पैसे दुसऱ्याच्या हाती भरायला दिले असतील तर पासबुक पाहण्यात अजिबात भीड धरू नका. खात्याला वारस लावला आहे की नाही, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

घरी करून पाहा

१. एका गवंड्याला तीन वर्षांत १,८०,०००, १,५६,००० आणि १,६८,००० रुपये मिळाले. त्याने स्वतःला दरमहा किती पगार द्यावा? १,८०,००० च्या वर्षी पगार देऊन त्याच्याजवळ किती उरतील?

२. त्याच गवंड्याने कणगीचा तळ किती ठेवावा?

३. सावकार १०,००० रुपये दरमहा शेकडा ४ ने देतो. सहा महिन्यांनी व्याज किती होईल?

४. तुमच्या घरी सर्वांत जास्त पैसा कोणत्या महिन्यात येतो? सर्वांत कमी कोणत्या महिन्यात? दोन्ही महिन्यांची नावे आणि आकडे वहीत लिहा. आकडे घरातल्या बाईला विचारून लिहा. तिला ते जास्त पक्के ठाऊक असतात.